नव्या कॉम्प्युटरवर उपग्रह ऐकायचे तर: नाशिकच्या गच्चीवरची मांडणी

नवा लॅपटॉप आला की पहिल्याच संध्याकाळी सगळे प्रोग्रॅम एकदम उतरवून घेतले जातात. रात्री पास येतो (उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याची वेळ), पडद्यावर नुसती निळी खरखर दिसते आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या अँटेनाची मोडतोड सुरू होते. बहुतेक वेळा अँटेनाचा काही दोष नसतो. घड्याळ, ठिकाण, कक्षेची माहिती, ड्रायव्हर, आवाजाचा मार्ग यांतली एखादी कडी तुटलेली असते, आणि सगळं एकाच वेळी बसवल्यामुळे ती कुठली हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. एक कडी बसवा, ओळखीच्या गोष्टीवर तपासा, मगच पुढची घ्या.

सामान गृहीत धरलंय ते असं: विंडोज ११ चा कॉम्प्युटर, आठ जीबी रॅम, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लागणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि गच्चीवर व्ही-डायपोल (दोन दांड्यांची साधी अँटेना). डायपोलचे दोन दांडे १२० अंशाच्या कोनात, जमिनीला समांतर. रशियन मेटिओर हवामान उपग्रहांच्या १३७ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक दांडा साधारण ५३ सेंटिमीटर, अंतराळ स्थानकाच्या १४५ मेगाहर्ट्झसाठी ४९. सरकते दांडे असतील तर दोन्ही खुणा पर्मनंट मार्करने दांड्यावरच करून ठेवा. ४९ सेंटिमीटरचा डायपोल तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, ४३५ मेगाहर्ट्झलाही कामचलाऊ चालतो, हा वरकड फायदा. गच्चीपासून खोलीपर्यंत केबल टीव्हीवाल्यांची आरजी-६ चालेल. ती ७५ ओहमची असते म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण त्या फरकाने होणारं नुकसान नगण्य आहे. सैल कनेक्टरने होणारं नुकसान त्याच्या कितीतरी पट.

प्रोग्रॅम उतरवण्याआधी

सगळ्यात आधी घड्याळ, कारण नव्या मशीनवर इथे एक फसवी चूक असते. टाइम झोन परदेशातला राहिलेला असतो आणि कुणीतरी काटे हाताने फिरवून नाशिकची वेळ आणलेली असते. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण आतला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) बारा-तेरा तासांनी चुकलेला असतो, आणि उपग्रहाचा हिशेब सगळा यूटीसीवर चालतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे डेट अँड टाइम उघडा. झोन यूटीसी अधिक ५:३० आहे ना ते बघा, आपोआप वेळ घेण्याचं बटण चालू करा आणि 'सिंक नाउ' दाबा. विंडोज स्वतःहून वेळ फार क्वचित जुळवतं, त्यामुळे महत्त्वाच्या पासआधी हे बटण पुन्हा दाबायची सवय बरी.

मग वीज. स्लीप बंद, झाकण मिटल्यावर काहीही होऊ नये असं सेटिंग, आणि पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. नाहीतर ऐन पासच्या मधोमध डोंगल डुलकी घेतं.

रेकॉर्डिंगसाठी सी किंवा डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा आणि त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. डॉक्युमेंट्समध्ये काही ठेवू नका. नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हला जोडलेले असतात. २.४ मेगाहर्ट्झ सॅम्पल रेटने (सेकंदाला चोवीस लाख नमुने) सोळा बिटांचं कच्चं रेकॉर्डिंग बारा मिनिटांत जवळपास सात जीबी होतं आणि वनड्राइव्हची फुकटची जागा आहे पाच जीबी. म्हणजे पहिल्याच पासला जागा संपली, वर तुमचं इंटरनेटही अडलं. युजरचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर त्याचा फोल्डरही देवनागरीत तयार होतो आणि यातले काही प्रोग्रॅम तिथे अडखळतात. त्यामुळे लॉगिनचं नाव रोमन आणि रीजनल फॉरमॅट इंग्रजी-इंडिया. मराठीचा अभिमान कीबोर्डवर दाखवू.

डोंगल आणि झॅडिग

डोंगल लावलं की विंडोज त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर चढवतं. तो आपल्या कामाचा नाही. झॅडिग नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडा, ऑप्शन्समध्ये 'लिस्ट ऑल डिव्हायसेस'वर खूण करा आणि यादीतून 'बल्क-इन, इंटरफेस शून्य' निवडा. उजवीकडे विनयूएसबी आहे याची खात्री करून ड्रायव्हर बदला. यादीत माउस, कीबोर्ड, वेबकॅम असं सगळं दिसत असतं. घाईत कीबोर्डवर विनयूएसबी चढवला की कीबोर्ड गप्प, तेव्हा नाव दोनदा वाचा.

हा ड्रायव्हर सहसा त्या यूएसबी पोर्टापुरताच बसतो. डोंगल दुसऱ्या भोकात लावलं की झॅडिग पुन्हा चालवावं लागू शकतं, आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर जुना टीव्ही ड्रायव्हर परतलेलाही दिसतो. 'कालपर्यंत चालत होतं' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. पोर्ट शक्यतो यूएसबी २ चा घ्या, किंवा एखाद मीटरची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल लॅपटॉपपासून दूर ठेवा. यूएसबी ३ चे पोर्ट स्वतःच भरपूर गोंगाट करतात. डोंगल आरटीएल-एसडीआर ब्लॉगचं व्ही-४ असेल तर त्याला त्याच्याच नव्या ड्रायव्हर फायली लागतात. जुन्या फायलींवर ते सुरू होतं, पण ऐकत काहीच नाही.

आता एसडीआर प्लस प्लस, म्हणजे डोंगलमधून रेडिओ ऐकवणारा प्रोग्रॅम. त्याची झिप फाइल पूर्ण उलगडा, झिपच्या आतूनच चालवू नका. उघडताना डीएलएल फाइल सापडत नाही असं म्हणालं तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल, ६४ बिटांचं, बसवायचं राहिलंय. सोर्समध्ये आरटीएल-एसडीआर, सॅम्पल रेट २.४ मेगाहर्ट्झ निवडा आणि प्ले दाबा.

पहिली चाचणी उपग्रहावर नको. १०१.४ मेगाहर्ट्झ लावा, मोड वाइड एफएम. आकाशवाणी नाशिक खणखणीत ऐकू आलं म्हणजे डोंगल, ड्रायव्हर, स्पीकर या तीनही कड्या धड आहेत. इथे काही आलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गेनची (सिग्नल किती मोठा करायचा याची) पट्टी मात्र हळूहळू वर न्या. टोकाला नेली की शहरातली एफएम केंद्रं आत घुसतात आणि १३७ च्या पट्ट्यात गाण्यांची भुतं दिसायला लागतात. अँटेना काढून खरखरीची पातळी बघा, मग अँटेना लावून गेन वाढवत जा. खरखर जिथे स्पष्टपणे वर उठते त्याच्या एक पायरी पुढे थांबा.

जीप्रेडिक्ट: नाशिक नक्की कुठे आहे

कोणता उपग्रह कधी, कुठून येणार हे जीप्रेडिक्ट सांगतं. एडिट, प्रेफरन्सेस, जनरल, ग्राउंड स्टेशन्स असं जाऊन नवं ठिकाण भरा: अक्षांश २०.०० उत्तर, रेखांश ७३.७९ पूर्व, उंची सुमारे ५८० मीटर. पूर्वेऐवजी पश्चिम राहिलं तर तुमचं नाशिक क्यूबा आणि हैती यांच्या मधल्या समुद्रात जाऊन बसतं. भरून झाल्यावर नकाशावरचा ठिपका भारतात आहे ना, एकदा डोळ्यांनी बघा.

हौशी रेडिओवाल्यांचा ग्रिड लोकेटर (जगाचे चौकोन पाडून दिलेला अक्षर-आकड्यांचा पत्ता) वापरणार असाल तर नाशिकची एक गंमत आहे. २० अंशाची अक्षांशरेषा शहरातूनच जाते. तिच्या दक्षिणेला नाशिकरोड, सिडको, इंदिरानगर हे एमके६९ मध्ये, तर उत्तरेला पंचवटी, म्हसरूळ हे एमएल६० मध्ये. आणि चारच अक्षरं भरली की प्रोग्रॅम चौकोनाचा मध्यबिंदू धरतो: एमके६९ चा मध्य वज्रेश्वरीजवळ, एमएल६० चा वलसाडजवळ. दोन्ही इथून शंभरेक किलोमीटर. सहा अक्षरं भरा, नाहीतर सरळ अक्षांश-रेखांश.

आता कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई. एडिट मेनूतून नेटवरून टीएलई अपडेट करा. जीप्रेडिक्टची आवृत्ती जुनी असेल तर तिच्यात सेलेस्ट्रॅक या टीएलई पुरवणाऱ्या साइटचा जुना, डॉट कॉमवाला पत्ता भरलेला असतो आणि अपडेट नुसतंच 'झालं' म्हणतं. प्रेफरन्सेसमध्ये तो डॉट ऑर्गचा करा. 'नवे उपग्रह यादीत घाला' या पर्यायावर खूण हवी, नाहीतर अलीकडे सुटलेले उपग्रह दिसणारच नाहीत. दिवसातून एकदा अपडेट पुरे. सेलेस्ट्रॅकवर माहिती साधारण दोन तासांनी बदलते, सारखं बटण दाबत बसलात तर ते तुमचा इंटरनेटचा पत्ता अडवतात. ट्रान्सपाँडर डेटाही (कोणता उपग्रह कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो ती यादी) त्याच मेनूतून उतरवून घ्या, फ्रिक्वेन्सी हाताने भरायच्या वाचतात.

यादीत सुरुवातीला चारच ठेवा: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक (२५५४४), हौशी रेडिओचा उपग्रह आरएस-४४ (४४९०९), मेटिओर एम२-३ (५७१६६) आणि मेटिओर एम२-४ (५९०५१). कंसातले आकडे कॅटलॉग क्रमांक. शोधताना नावापेक्षा ते खात्रीचे. जुन्या लेखांत नोआ १५, १८, १९ या अमेरिकन हवामान उपग्रहांवर भर असतो. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्यासाठीचे प्रोग्रॅम बसवण्यात वेळ घालवू नका.

पाससाठी उपग्रहाची क्षितिजापासूनची किमान उंची दहा अंश ठेवा. पश्चिमेला डोंगर आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. अंजनेरी वीसेक किलोमीटरवर, शहराहून सातशे मीटर उंच, म्हणजे क्षितिजावर जेमतेम दोन अंश. आडवी येते ती समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी.

जीप्रेडिक्टच्या हातात रेडिओ

उपग्रह जवळ येताना त्याची फ्रिक्वेन्सी चढी वाटते, दूर जाताना उतरती. हा डॉपलर. अंतराळ स्थानकाच्या १४५.८०० वर तो साडेतीन किलोहर्ट्झ इकडेतिकडे असतो, ४३७.८०० वर दहाच्या आसपास. पहिला हाताने सांभाळता येतो, दुसरा प्रोग्रॅमकडे द्यावा.

एसडीआर प्लस प्लसमध्ये मॉड्यूल मॅनेजर उघडा, रिगसीटीएल सर्व्हर (दुसऱ्या प्रोग्रॅमला फ्रिक्वेन्सी बदलू देणारा भाग) निवडून अधिक चिन्ह दाबा. नवा विभाग दिसेल. त्यात नियंत्रित व्हीएफओ (कोणती फ्रिक्वेन्सी हलवायची ते) म्हणून 'रेडिओ' निवडा, 'ट्यूनिंग'वर खूण करा, पोर्ट ४५३२ तसाच ठेवा आणि स्टार्ट. जीप्रेडिक्टमध्ये प्रेफरन्सेस, इंटरफेसेस, रेडिओज इथे नवा रेडिओ घाला: होस्ट १२७.०.०.१ (म्हणजे हाच कॉम्प्युटर), पोर्ट ४५३२, प्रकार फक्त आरएक्स (नुसतं ऐकणं), पीटीटी (पाठवण्याचं बटण) नाही. होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' हा शब्द लिहिला तर विंडोज कधीकधी तो दुसऱ्याच पत्त्याला नेतं आणि जोडणी होत नाही, म्हणून आकडेच. विंडोज फायरवॉल परवानगी विचारेल, ती द्या.

मग मुख्य खिडकीच्या कोपऱ्यातल्या बाणातून 'रेडिओ कंट्रोल' उघडा. उपग्रह निवडा, ट्रान्सपाँडर निवडून 'टी' दाबा, मग 'ट्रॅक' आणि शेवटी 'एंगेज'. एसडीआर प्लस प्लसमधली फ्रिक्वेन्सी आपोआप सरकायला लागली पाहिजे. 'एंगेज' दाबलं आणि 'ट्रॅक' विसरलं तर आकडा जागचा हलत नाही. ही चूक सगळ्यांकडून होते.

ही कडी तपासायला आरएस-४४ सारखा उपग्रह नाही. त्याचा मोर्सचा बीकन (ओळख पटवणारा सिग्नल) ४३५.६०५ मेगाहर्ट्झवर असतो आणि पास वीस मिनिटांच्या आसपास चालतो, त्यामुळे घाई नसते. साध्या डायपोलवर बीकन कुजबुजल्यासारखा येईल, पण चांगल्या उंचीच्या पासला येतो. मोड सीडब्ल्यू (मोर्ससाठीचा) ठेवा आणि त्या शिट्टीचा स्वर कान देऊन ऐका. सगळं बरोबर असेल तर उगवल्यापासून मावळेपर्यंत स्वर एकाच पट्टीत राहतो. स्वर पासभर स्थिर आहे पण अपेक्षित जागेपासून सरकलेला असेल, तर डोंगलचा क्रिस्टल चुकतोय. पीपीएम (दहा लाखांत किती भाग चूक) दुरुस्ती करा. स्वस्त डोंगलमध्ये ही चूक पन्नास पीपीएमपर्यंत असते, म्हणजे ४३५ वर वीसेक किलोहर्ट्झ, म्हणून बीकन सापडत नसेल तर आजूबाजूला तेवढं शोधा. डोंगल दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, मगच आकडा ठरवा. आणि स्वर पासच्या ओघात चढत किंवा उतरत गेला, विशेषतः उपग्रह डोक्यावर असताना झपकन घसरला, तर घड्याळ, ठिकाण किंवा टीएलई यांतलं काहीतरी चुकलंय. तिथे पीपीएमला हात लावू नका. अंतराळ स्थानक डोक्यावर असताना ४३७ मेगाहर्ट्झवर डॉपलर सेकंदाला दोनशे हर्ट्झच्या आसपास बदलतो. घड्याळ पाच सेकंद मागे असेल तर तेवढ्यानेच एक किलोहर्ट्झची चूक.

आवाज एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात

अंतराळ स्थानकावरून १४५.८०० वर अधूनमधून एसएसटीव्हीची (आवाजाच्या रूपात पाठवलेली) चित्रं येतात, बहुधा पीडी-१२० पद्धतीने, एका चित्राला दोन मिनिटं. १४५.८२५ वर पॅकेट रेडिओ (छोटे डेटा-संदेश) असतो. दोन्ही कायम चालू असतात असं नाही, आधी वेळापत्रक बघा. हे उलगडायला आवाज एसडीआर प्लस प्लसमधून एमएमएसएसटीव्ही (चित्रांसाठी) किंवा साउंडमोडेममध्ये (पॅकेटसाठी) न्यावा लागतो आणि त्यासाठी व्हीबी-केबल ही आभासी वायर. बसवून मशीन रिस्टार्ट करा. एसडीआर प्लस प्लसच्या 'सिंक' विभागात (आवाज कुठे पाठवायचा ते तिथे ठरतं) केबलचं इनपुट, चित्राच्या प्रोग्रॅममध्ये केबलचं आउटपुट. नावं उलटी वाटतात, पण वायरीच्या एका टोकाला आवाज आत जातो आणि दुसऱ्यातून बाहेर येतो असं धरलं की गोंधळ होत नाही.

आवाज पोचतच नसेल तर विंडोजचं प्रायव्हसी सेटिंग बघा. मायक्रोफोनच्या पानावर 'डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोन वापरू द्या' बंद असेल तर आभासी केबलही मुकी होते. विंडोजच्या लेखी तीही मायक्रोफोनच. चित्र तिरकं, पडत्या भिंतीसारखं येत असेल तर सॅम्पल रेट जुळत नाही. साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये केबलच्या दोन्ही टोकांना ४८००० हर्ट्झ ठेवा, ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. चित्रात आडव्या काळ्या फटी असतील तर स्क्वेल्च (कमजोर सिग्नल गप्प करणारी सोय) चालू राहिलाय. बँडविड्थ पंधरा ते वीस किलोहर्ट्झ ठेवा, कमी ठेवली तर चित्राच्या कडा फाटतात.

सॅटडंप आणि मेटिओर

ढगांची चित्रं हवी असतील तर सॅटडंप. यात आभासी केबल नाही, जीप्रेडिक्टही नाही, सगळं एकाच ठिकाणी. सेटिंग्जमध्ये ठिकाण भरा (पुन्हा, रेखांश धन म्हणजे पूर्व), टीएलई अपडेट करा. सुरू करण्याआधी एसडीआर प्लस प्लस पूर्ण बंद करा. एक डोंगल एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असतं, दुसरा 'डिव्हाइस उघडत नाही' म्हणत राहतो.

रेकॉर्डरमध्ये डोंगल निवडा, फ्रिक्वेन्सी १३७.९ मेगाहर्ट्झ, सॅम्पल रेट एक मेगाहर्ट्झच्या वर. पाइपलाइनच्या यादीतून मेटिओर एम२-एक्सची एलआरपीटी ७२ के (चित्रं पाठवण्याची त्यांची पद्धत) निवडा आणि पास सुरू व्हायच्या मिनिटभर आधी स्टार्ट करा. काही दिसलं नाही तर १३७.१ वर बघा, उपग्रह कधीकधी तिथे पाठवतात. स्पेक्ट्रमवर सपाट माथ्याची, पाटासारखी एक टेकडी वर येईल. बाजूच्या चौकोनात आधी ठिपक्यांचा गोल धुरळा असतो. उपग्रह वर चढला की त्याचे चार पुंजके होतात आणि डीफ्रेमरपुढे (सिग्नलमधून माहितीच्या चौकटी वेगळ्या करणारा भाग) 'सिंक्ड' उमटतं. ते उमटेपर्यंत चित्र तयार होत नाही आणि धुरळा असताना गेन खालीवर करत बसल्याने काही साधत नाही.

टेकडी स्पष्ट दिसते पण सिंक होत नाही, असं असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. मग घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करा. टेकडी दिसतच नसेल तर केबल आणि कनेक्टरकडे वळा. टेकडी एकदम तुटते आणि पुन्हा जोडली जाते, तर कॉम्प्युटर सॅम्पल गाळतोय: सॅम्पल रेट कमी करा, ब्राउझर बंद करा.

पास संपल्यावर स्टॉप दाबा आणि प्रक्रिया पूर्ण होऊ द्या. चित्र उलटं दिसलं तर उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जात होता, फिरवण्याचा पर्याय आहे. नकाशाच्या रेषा चढवल्या की मुंबईचा किनारा जुळतो का ते बघा. सरकलेला असेल तर टीएलई शिळा आहे. एका ठिपक्याला साधारण एक किलोमीटर एवढा तपशील असतो, त्यामुळे हिवाळ्याच्या स्वच्छ दुपारी नाथसागर सहज ओळखू येतो, गंगापूर धरण डोळे बारीक करून. जून ते सप्टेंबर महाराष्ट्राच्या जागी नुसता पांढरा लोळ. त्या दिवसांत विजा कडाडायला लागल्या की अँटेनाची केबल डोंगलमधून काढून ठेवा, बंद डोंगलही त्याने जळतं.

एवढं सगळं ऐकण्यापुरतं. जीप्रेडिक्टमध्ये अपलिंकचा (उपग्रहाकडे पाठवायच्या फ्रिक्वेन्सीचा) रकाना दिसतो, तो भरून पाठवायला जायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी परवाना आणि व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) आधी हवं. तोपर्यंत रेडिओचा प्रकार 'फक्त आरएक्स' यावरच राहू द्या.